घरच्या आर्केड पॅनेलसाठी स्पिनर: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४

पॅनेलचा लाकडी सांगाडा उभा राहिला. १८ मिमी प्लाय, वर काळा लॅमिनेट. दोन जॉयस्टिक आणि बटणांची भोकं पाडून झाली. मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे, स्पिनरसाठी, म्हणजे हाताने कितीही फिरवता येणाऱ्या गोल मुठीसाठी. हा सगळा खटाटोप मुळात त्याच्यासाठीच चालला आहे.

आमच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुस्तफा हा खेळ होता, स्ट्रीट फायटर होता, सगळा कारभार जॉयस्टिकवर. गोल फिरणारी मूठ असलेली मशीन मी त्या काळात पाहिलीच नाही. टेम्पेस्ट पहिल्यांदा खेळलो तो कीबोर्डवर, मेम एम्युलेटरमध्ये (जुन्या आर्केड मशीनचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम), आणि पाच मिनिटांत कळलं की बाणाच्या बटणांवर या खेळाचा जीव जातो. अटारीने १९८१ साली काढलेला हा खेळ, डेव्ह थ्युररची रचना. रंगीत रेषांनी काढलेली एक नळी, तिच्या कडेवर आपण, आतून शत्रू वर चढत येतात. कडेवरून धावण्याचा वेग बोटांतून यायला हवा. बटण दाबलं की एकच ठरावीक वेग मिळतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण दुकानात विचारायला गेलं की सगळे एकच समजतात. पॅडल वेगळं, स्पिनर वेगळा. १९७२ च्या पाँगमध्ये आणि १९७६ च्या ब्रेकआउटमध्ये पोटेन्शिओमीटर होता, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा, दोन्ही टोकांना अडणारा. मुठीची जागा हीच पडद्यावरची जागा. स्पिनरला टोक नसतं. तो कितीही फिरतो आणि फक्त ‘इतकं सरकलो, या दिशेला’ एवढंच सांगतो. तिसरा प्रकार एसएनकेच्या इकारी वॉरियर्समधला, बारा घरांत टकटक फिरणारी जॉयस्टिक. तो मला नको आहे.

हवे असलेले खेळ: टेम्पेस्ट, आर्कनॉइड (टायटो, १९८६), ट्रॉन (१९८२), ओमेगा रेस (१९८१), कॅमलट्राय (१९८९) आणि शेवटी पझ लूप. सुपर स्प्रिंटचं गोल स्टिअरिंगही याच तत्त्वावर चालतं, त्यामुळे गाड्यांचे जुने खेळ वरकड मिळतील.

१० जानेवारी

तयार माल पाहिला. अल्टिमार्कचा स्पिनट्रॅक आणि ग्रूव्हीगेमगिअरचा टर्बोट्विस्ट २, ही दोन नावं या छंदातल्या लोकांच्या तोंडी कायम असतात. दोन्ही यूएसबीवर माउस म्हणून ओळखले जातात, दोन्हींत प्रकाशावर चालणारा एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर. स्पिनट्रॅकला खालून जास्तीचं वजन लावता येतं. टर्बोट्विस्टचा एक प्रकार वर-खाली ओढता येणारा आहे, तो १९८३ च्या डिस्क्स ऑफ ट्रॉनसाठी, कारण त्या मशीनची मूठ फिरायचीही आणि उचलली-दाबलीही जायची. मला त्याची गरज नाही. मेममध्ये वर-खाली नेम धरायला दोन बटणं देता येतात.

माल चांगला आहे, त्यात वाद नाही. पण कुरिअर आणि आयात शुल्क धरलं की आकडा मूळ किमतीच्या पुष्कळ वर जातो, आणि मुळातली किंमतही कमी नाही. दुसरं म्हणजे, ते हातात धरून पाहता येत नाहीत. स्पिनर आकड्यांवरून घ्यायची वस्तू नाही, असं मला आतापासूनच वाटतं आहे. एका फेऱ्यात किती ठोके (पल्स), हे सगळेच छापतात. फिरवल्यावर हाताला काय लागतं, ते कागदावर उतरत नाही.

त्यामुळे इथे काय मिळतं ते आधी चाचपून बघणार. जमलं नाही तर तयार माल आहेच.

१४ जानेवारी, रविवार

जुन्या बाजारात सकाळीच गेलो. दोन वस्तू आणल्या.

एक, गोळीचा जुना माउस. आत दोन खाचांच्या चकत्या, प्रत्येकीच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो पाहणारे दोन डोळे. चकतीच्या जागी आपली मूठ जोडली की स्पिनर तयार. पुष्कळांनी असं केलं आहे. पण त्या चकतीचा दांडा काडीएवढा आणि तो टेकलेला प्लास्टिकच्या खोबणीत. हाताचा जोर तो घेणार नाही.

दुसरी, बंद पडलेल्या व्हीसीआरचा हेड ड्रम, टेप वाचणारा फिरता गोल भाग. ही वस्तू प्रत्येकाने एकदा हातात घ्यावी. व्हीएचएसचा ड्रम ६२ मिमी व्यासाचा, आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घ्यायचा, तेही तासन् तास, टेप न कुरतडता. त्यासाठी जे बेअरिंग आणि जो समतोल लागतो तो सगळा त्यात आहे. खालच्या मोटरचे चुंबक आणि गुंडाळ्या काढून टाकल्या, नाहीतर फिरताना झटके जाणवतात. मग वरचा भाग एका बोटाने ढकलला. आवाज नाही, थरथर नाही, नुसता फिरत राहिला. खालच्या स्थिर भागावर टेपला आधार देणारी तिरकी पायरी कातलेली आहे, ती नखाला जेमतेम लागते, इतकी बारीक आणि इतकी स्वच्छ.

पॅनेलमध्ये तो बसवणं अवघड आहे. दांडा आखूड, १८ मिमी प्लायमधून वर येऊन मूठ धरेल एवढा नाही. पण आता टेबलावर एक माप आहे. जो काही स्पिनर करेन तो या ड्रमच्या जवळपास फिरला पाहिजे.

२० जानेवारी

पुण्याच्या तपकीर गल्लीतून ६०० पल्सचा, म्हणजे फेऱ्याला ६०० ठोके देणारा, औद्योगिक एन्कोडर आणला. हजार-बाराशेच्या घरातला, ३८ मिमी गोल धातूचं अंग, ६ मिमी दांडा, मागून केबल. पॅकिंग मशीन, कटिंग मशीन यांवर दिसतो तो. घरी स्पिनर करणारे बहुतेक लोक इथेच थांबतात, म्हणून याला पूर्ण दिवस दिला.

आतलं काम असं. दोन वाहिन्या, अ आणि ब, एकमेकींपासून पाव ठोका सरकवलेल्या. दोघींच्या चालू-बंद स्थितींचा क्रम ००, ०१, ११, १० असा एका दिशेला येतो आणि उलट फिरवलं की उलटा. एका वेळी एकच वाहिनी बदलते, म्हणून मधली संदिग्ध अवस्था उद्भवत नाही. सगळ्या कडा मोजल्या तर एका फेऱ्यात ६०० च्या चौपट, २४०० पावलं.

या एन्कोडरचे आउटपुट ओपन कलेक्टर आहेत. म्हणजे तो तार खाली ओढू शकतो, वर नेऊ शकत नाही. वर नेणारा रेझिस्टर आपण लावायचा. प्रो मायक्रो या छोट्या आर्डुइनो बोर्डच्या चिपमध्ये आतला रेझिस्टर आहे, पण तो २० ते ५० किलोओहमचा, मीटरभर केबलला ढिला. मी बाहेरून ४.७ किलोओहमचे दोन लावले.

बोर्ड प्रो मायक्रोच का, तर त्यातली ३२यू४ चिप स्वतः यूएसबी बोलते आणि संगणकाला थेट माउस म्हणून दिसते. साध्या आर्डुइनो उनोमधल्या चिपला ते येत नाही.

आता हिशेब. जोरात फिरवलं तर सेकंदाला १० फेरे धरू. २४०० गुणिले १०, सेकंदाला २४,००० पावलं. दोन पावलांमध्ये साधारण ४२ मायक्रोसेकंद. १६ मेगाहर्ट्झच्या चिपला तेवढ्या वेळात ६६० च्या आसपास चक्रं मिळतात. पुरेशी आहेत, पण मधेच यूएसबीचं काम आलं आणि एखादं पाऊल हुकलं, की क्रम तुटतो आणि मोजणी चुकते. इंटरप्टच्या आत (पिन बदलली की चिप हातातलं काम थांबवून जो कोड चालवते त्यात) पिन वाचायचं आर्डुइनोचं नेहमीचं फंक्शन वापरलं तर बराच वेळ तिथेच जातो. पोर्ट थेट वाचला तर सुटसुटीत होतं.

दुसरी अडचण यूएसबीकडची. माउसचा साधा निरोप एका वेळी जास्तीत जास्त १२७ पावलं सांगू शकतो. संगणक दर मिलिसेकंदाला विचारत असेल तर २४ पावलंच साठतात, काही प्रश्न नाही. पण १२५ हर्ट्झने, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी विचारत असेल तर १९२ साठतात. वरची ६५ कुठे जातात, हे कोड लिहिणाऱ्यावर अवलंबून. ती टाकून दिली तर जोरात फिरवल्यावर खेळाडू कमी सरकतो. आकडा आठ बिटांत कोंबला तर १९२ चे उणे ६४ होतात, आणि खेळाडू उलटा पळतो. उपाय सोपा आहे: साठा वेगळा ठेवायचा, १२७ पाठवायचे, उरलेले पुढच्या निरोपात. पण तो मुद्दाम लिहावा लागतो.

हे सगळं करून एन्कोडर व्यवस्थित चालला. एकही पाऊल हुकलं नाही. तरी मन भरलं नाही, आणि कारण मोजणीत नाही. बोटाने टिचकी मारली की मूठ दोनेक फेऱ्यांत थांबते. दांड्याभोवती धूळ अडवायचं सील आहे, आत जाड ग्रीस आहे. कारखान्याच्या धुळीत वर्षानुवर्षं टिकायला ते हवंच, पण खेळायला तो अडसर आहे. बाजूला ड्रम ठेवला होता. दोन्हींना एकाच वेळी टिचकी दिली. तुलना करण्यासारखं काही राहिलं नाही.

२३ जानेवारी

केवाय-०४० हा स्वस्त एन्कोडर घरात होता, तोही लावून पाहिला. फेऱ्याला २० घरं, प्रत्येक घराला टक्, आणि आतले धातूचे संपर्क उसळतात म्हणून खोटे ठोके. आवाज कमी-जास्त करायला ठीक. स्पिनरसाठी बाद.

२७ जानेवारी

आज काही बांधलं नाही, विचार केला.

आतापर्यंत मी सेन्सर शोधत होतो आणि जो मिळेल त्याच्या दांड्यावर मूठ बसवत होतो. क्रम उलटा करायला हवा. आधी दांडा आणि बेअरिंग, हाताला पटेल असं. मग त्याला न अडवणारा सेन्सर.

शिवाय जोराचा प्रश्न आहे. खेळताना माणूस मूठ नुसती फिरवत नाही, तिच्यावर तळवा टेकवतो, आडवी ढकलतो. एन्कोडरच्या चिमुकल्या बेअरिंगवर हा आडवा भार रोज द्यायचा नसतो. म्हणजे एन्कोडर ठेवला तरी वर स्वतंत्र बेअरिंग आणि मधे कपलर (दोन दांडे जोडणारा तुकडा) आलाच. मग स्वतंत्र बेअरिंग करायचीच आहेत तर सेन्सर स्पर्शाविना का नको?

ठरलेला आराखडा: ८ मिमीचा ग्राउंड (घासून गुळगुळीत केलेला) रॉड, थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो. त्यावर दोन ६०८ बेअरिंग. ६०८ म्हणजे आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिमी, स्केट्सच्या चाकात असतं तेच, कुठेही मिळतं. दोन्ही बेअरिंग एका अॅल्युमिनियमच्या घरात, एकमेकांपासून ३० मिमी लांब. जितकं अंतर जास्त तितकी मूठ कमी डुलते. घराला वरून कॉलर, ती प्लायवर टेकेल. वर मूठ, खाली जडत्वासाठी लोखंडी चकती, सगळ्यात खाली स्पर्शाविना चालणाऱ्या सेन्सरसाठी चुंबक.

३ फेब्रुवारी

भोसरीला लेथवर गेलो. काकांना कागदावर काढलेलं दाखवलं. त्यांनी कागद दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, “हे कशाचं?”

“खेळाचं मशीन आहे काका. मूठ हाताने फिरवायची, आणि सोडली की फिरत राहिली पाहिजे.”

“लोड नाही ना काही?”

“हाताचा तेवढाच.”

“मग बेअरिंग ठोकून बसवू नका. घर असं करून देतो की अंगठ्याने दाबलं की आत जाईल. ठोकलंत तर बाहेरची रिंग दाबली जाते, आणि मग तुम्ही म्हणाल बेअरिंग जड आहे.”

हे मला कुठल्याही तक्त्यात सापडलं नसतं. त्यांनी दोन्ही बेअरिंगची भोकं एकाच सेटिंगमध्ये, जॉब चकमधून न काढता कातली, म्हणजे दोन्हींचा मध्य एका रेषेत. दांडा घालून फिरवला, डायल लावून दाखवला. पन्नास मायक्रॉनच्या आत हलत होता.

मूठ ४० मिमी व्यासाची, २५ मिमी उंच, भरीव अॅल्युमिनियम, उतरती बाजू नको म्हणून सरळ ठेवली. बाजूला बारीक नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत रेघा) करून घेतलं. खालून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळायची. सोबत दोन चकत्या माइल्ड स्टीलच्या, दोन्ही ८ मिमी जाड, एक ६० आणि एक ८० मिमी व्यासाची.

४ फेब्रुवारी

बेअरिंग धुण्याचा दिवस. दुकानातून आणलेल्या ६०८ ला दोन्ही बाजूंनी रबरी झाकणं होती. ती सुईने अलगद उचलून काढली. आतलं ग्रीस रॉकेलमध्ये बुडवून, फिरवून, पुन्हा बुडवून काढलं. रॉकेल गढूळ होईना तेव्हाच थांबलो. सुकवून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. वरच्या बेअरिंगची वरची बाजू तेवढी झाकून ठेवली, कारण मुठीशेजारून धूळ आणि घाम तिथूनच उतरणार. धातूचं झाकण असलेली बेअरिंग मिळाली तर हा त्रास वाचतो. त्यांचं झाकण आतल्या रिंगला घासत नाही.

जोडणी करून मूठ आणि लहान चकती बसवली. खालची कॉलर आवळताना दांड्याला केसभर खेळ ठेवला. घट्ट आवळलं की गोळ्या आडव्या दाबल्या जातात आणि फिरणं लगेच मंदावतं, ते बोटाला कळतं.

टिचकी मारली. अर्ध्या मिनिटाहून जास्त फिरली. ड्रम टेबलावरून उचलून कपाटात ठेवला.

१० फेब्रुवारी

सेन्सर: एएस५६००. हाताच्या नखाएवढी चिप, तयार छोट्या बोर्डवर मिळते, किंमत एन्कोडरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. तिच्यासमोर ६ मिमीचं गोल चुंबक फिरतं आणि ती चुंबकाचा कोन सांगते, एका फेऱ्यात ४०९६ भाग. कुठेही स्पर्श नाही, त्यामुळे अडसर शून्य.

चुंबक कुठलंही चालत नाही. नेहमीच्या गोल चुंबकाचे ध्रुव वरच्या आणि खालच्या तोंडावर असतात. इथे ध्रुव व्यासावर हवेत, अर्धी चकती उत्तर आणि अर्धी दक्षिण. बहुतेक बोर्डबरोबर ते मिळतं. खात्री करायची तर लोखंडी खिळा चकतीच्या कडेने फिरवायचा: दोन समोरासमोरच्या जागी जास्त ओढ लागते.

चुंबक थेट लोखंडी दांड्याच्या टोकावर चिकटवायचं नाही, दांडा त्याचं क्षेत्र गिळतो. काकांकडून पितळेची टोपी करून आणली होती, तिच्या खोबणीत चुंबक बसवलं. लोखंडी चकतीही वर सरकवून चुंबकापासून लांब नेली. चिप आणि चुंबक यांत अर्धा ते तीन मिमी अंतर चालतं. किती बरोबर, हे चिप स्वतःच सांगते: चुंबक सापडलं का, फार कमजोर आहे का, फार तीव्र आहे का, याचे वेगळे बिट आहेत, आणि शिवाय आतल्या वर्धनाचा आकडा वाचता येतो. ५ व्होल्टवर तो ० ते २५५ असतो. वॉशर घालत-काढत तो मधोमध आणला. दिशा ठरवणारी पिन लोंबकळत ठेवायची नाही, ग्राउंडला जोडली.

आता या निवडीचं खरं कारण. पल्स मोजणाऱ्या एन्कोडरमध्ये एक पाऊल हुकलं की ते कायमचं गेलं. इथे चिप जागा सांगते, पावलं नाही. मी दर मिलिसेकंदाला विचारतो, आता कुठे आहेस? मागच्या उत्तराशी वजाबाकी केली की किती सरकलं ते कळलं. मधे एखादा प्रश्न विचारायचा राहिला तरी पुढच्या उत्तरात तो फरक येतोच. सेकंदाला १० फेरे म्हणजे मिलिसेकंदाला ४१ भाग. उलट-सुलट कळायला दोन वाचनांत अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी सरकलं पाहिजे, आणि अर्धा फेरा म्हणजे २०४८ भाग. मानवी हात तिथे पोचूच शकत नाही. ज्या उलट सरकण्याच्या भीतीने लोक स्पिनर बदलत राहतात, ती सेन्सरच्या पातळीवर इथे संपते.

११ फेब्रुवारी

कोड. एका वाचनाला ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर (चिप आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवर) सव्वाशे मायक्रोसेकंदांच्या आसपास जातात, मिलिसेकंदात आरामात बसतं. बोर्ड स्पिनरच्या शेजारीच ठेवला आहे, तारा वीतभर. आयटूसी लांब ताणायची वस्तू नाही, लांब जायची ती यूएसबी केबल.

वजाबाकी २०४७ च्या वर गेली तर ४०९६ वजा, उणे २०४८ च्या खाली गेली तर ४०९६ मिळवायचे. शून्याची रेषा ओलांडण्याचा एवढाच इलाज. मग चारने भागून फेऱ्याला १०२४ पावलं माउसला द्यायची, बाकी पुढे धरून ठेवायची, टाकायची नाही. हळू फिरवताना ती बाकीच कामाला येते.

स्थिर असताना शेवटचा आकडा मागे-पुढे होतो. मूठ दोन भागांच्या सीमेवर थांबली तर पडद्यावरचा खेळाडू थरथरेल. म्हणून तीन भागांपेक्षा कमी हालचाल दुर्लक्षित केली. तीन भाग म्हणजे पाव अंशाच्या जरा वर, हाताला जाणवत नाही. चिपमध्ये गाळणीचे चार पर्याय आहेत. सगळ्यात संथ गाळणीला २.२ मिलिसेकंद लागतात, सगळ्यात चपळ गाळणीला ०.२८६. चपळ घेतली. थरथरीची काळजी वरच्या नियमाने घेतलीच आहे.

माउसचा फक्त आडवा अक्ष वापरला. उभा अक्ष रिकामा.

१७ फेब्रुवारी

मेममध्ये जोडलं. माउस चालू करायचा पर्याय मूळ सेटिंगच्या फाइलमध्ये बंद असतो, तो आधी चालू. पुढे ट्रॅकबॉल आला तर दोघे वेगळे ओळखू यावेत म्हणून अनेक माउसचा पर्यायही. विंडोजवर मेम माउस थेट वाचतं, त्यामुळे विंडोजचं पॉइंटर पळवण्याचं सेटिंग मधे येत नाही.

मग टेम्पेस्ट लावला, जोरात फिरवलं, आणि खेळाडू उलटा पळाला.

सेन्सर बरोबर होता, माउसचे निरोप बरोबर होते, हे आधी तपासलं. गोष्ट खेळाच्या आत आहे. टेम्पेस्टच्या मूळ मशीनमध्ये ७२ दातांची चकती होती आणि तिची मोजणी खेळाला चार बिटांत दिसायची, ० ते १५. दोन वाचनांत सातापेक्षा जास्त सरकलं तर खेळाला ते उलट दिशेचं सरकणं वाटतं. मेम ते हार्डवेअर जसंच्या तसं उभं करतं, त्याची मर्यादाही. मी फेऱ्याला १०२४ पावलं ओतत होतो, मूळ चकतीच्या चौदापट.

म्हणून अॅनालॉगच्या मेनूमध्ये संवेदनशीलता उतरवायची. ७२ भागिले १०२४, साधारण ७ टक्के. तिथून सुरुवात केली, उलट पळणं थांबलं. मग एक-एक टक्का वर जात हाताला पटेल तिथे थांबलो.

जास्त ठोक्यांचा एन्कोडर म्हणजे जास्त चांगला स्पिनर, ही समजूत इथे मोडते. खेळाला जेवढं पचतं तेवढंच द्यावं लागतं. जास्तीच्या पावलांचा उपयोग एवढाच, की निरनिराळ्या खेळांसाठी त्यातून नीट भागाकार करता येतो. हे सेटिंग मेम प्रत्येक खेळासाठी वेगळं जपतं.

१८ फेब्रुवारी

भाचा आला होता, त्याला आर्कनॉइड दिला. मोठी, ८० मिमीची चकती लावलेली होती. टेम्पेस्टमध्ये मला ती आवडली होती: एक झटका आणि नळीला पूर्ण चक्कर.

दोन चेंडूंत तो वैतागला. “मामा, हे थांबत का नाही?”

तो म्हणतो ते खरं आहे. आर्कनॉइडच्या मूळ मशीनमध्ये मूठ दातेरी चाकांतून चकती फिरवायची. त्यामुळे पावलं बारीक मिळायची आणि मूठ मोकळी भिरभिरायची नाही, सोडली की थांबायची. टेम्पेस्टला हवं धावणं, आर्कनॉइडला हवं थांबणं. एकाच मुठीकडून दोन्ही मागायचं तर जडत्व मधोमध ठेवावं लागतं.

चकतीचं जडत्व वजनाच्या आणि त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. जाडी तीच ठेवून व्यास ६० चा ८० केला तर वजन १७८ ग्रॅमचं ३१६ होतं, पावणेदोन पट. जडत्व मात्र तिपटीच्या वर जातं, कारण वजनही वाढलं आणि ते मध्यापासून लांबही गेलं. म्हणूनच दोन चकत्यांतला फरक हाताला इतका मोठा वाटतो. लहान चकती लावून दिली. भाच्याने तिसरी पातळी ओलांडली आणि तक्रार बंद झाली. मग मी त्याच चकतीवर टेम्पेस्ट खेळलो. झटक्याला पूर्ण चक्कर मिळत नाही, पाऊण मिळते, आणि शत्रूसमोर नेमकं थांबणं सोपं जातं. खेळायला हेच बरं.

लहान चकती कायम. मोठी पॅनेलच्या आतल्या बाजूला स्क्रूने टांगून ठेवली आहे. ग्रब स्क्रू सैल केला की दोन मिनिटांत बदलते.

२५ फेब्रुवारी

स्पिनर पॅनेलमध्ये बसला. जागा मध्यापासून थोडी डावीकडे, कारण ट्रॉनमध्ये उजव्या हातात जॉयस्टिक आणि डाव्या हातात मूठ असते. टेम्पेस्ट उजव्या हाताने खेळणाऱ्यालाही ती तिथे पोचते, गोळीबार आणि सुपरझॅपरची बटणं तिच्या दोन्ही बाजूंना दिली आहेत. मुठीभोवती बोटांना पुरेल एवढी मोकळी जागा सोडली. फिरवताना बोटाचं पेर शेजारच्या बटणाला लागता कामा नये.

घराची कॉलर वरून चार स्क्रूंनी, खाली रुंद वॉशर. प्लायमध्ये नुसता स्क्रू काही महिन्यांत ढिला पडतो. सेन्सरचा बोर्ड घराच्याच खालच्या तोंडावर पट्टीने बसवला, प्लायवर नाही. प्लाय पावसाळ्यात फुगतो, आणि चुंबकाचं अंतर तेव्हाही हललं नाही पाहिजे.

आता लागलेली सेटिंग्ज: टेम्पेस्ट ९ टक्के, आर्कनॉइड ३०, ट्रॉन १४. ओमेगा रेस आणि कॅमलट्राय अजून लावायचे आहेत. कॅमलट्रायमध्ये मूठ फिरवली की अख्खा चक्रव्यूह फिरतो, तिथे कदाचित मोठी चकती पुन्हा काढावी लागेल.

उरलेलं काम: ग्रब स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना निळं लॉकटाइट, यूएसबी केबलला पॅनेलच्या आत ताण येऊ नये म्हणून क्लिप, आणि काकांकडे दुसरं घर कातायला टाकायचं. धाकट्या बहिणीनेही तिच्या घरच्या पॅनेलसाठी असाच स्पिनर मागितला आहे. तिला मूठ ३५ मिमीची हवी.